डोंगरउतारावरचा लहान वणवा: विझवायला गेलेल्यांनी नेमके कुठे उभे राहावे?

पाटणखोरे (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

आमचे गाव कोयना खोऱ्यात, एका डोंगरसोंडेच्या पायथ्याशी आहे. गावाच्या पाठीमागे मालकीची गवताची राने, त्यांच्या वरच्या अंगाला वनखात्याची हद्द आणि दोन सोंडांच्या मधल्या घळीत हिरडा, जांभूळ, अंजनी यांची जुनी राई, अशी एकंदर रचना आहे. पौषात गवत वाळू लागते आणि शिमग्यापर्यंत ते इतके कोरडे होते की एक ठिणगी पडायचा अवकाश, सारी सोंड धडधडून पेटते. वर्तमानपत्रात बातमी यावी एवढ्या मोठ्या या आगी नसतात. चार-पाच एकरांपासून फार तर चाळीस-पन्नास एकरांपर्यंतचे गवत जळते, काही तासांत आग कड्याखाली जाऊन थांबते आणि दुसऱ्या दिवशी लोक आपापल्या कामाला लागतात. तरीही दर खेपेला राईच्या कडेची हातभर उंचीची रोपे होरपळतात, कडेची झाडे बुंध्याशी भाजतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी गवत शिरते. माझ्या वडिलांच्या लहानपणी जी राई सोंडेच्या निम्म्यापर्यंत चढलेली होती, ती आता घळीच्या तळाला चिकटून राहिली आहे.

गावातील आम्ही काही तरुण मंडळी आग दिसली की फांद्या तोडून धावत सुटतो. मागच्या हंगामात भर दुपारी आम्ही वरच्या पायवाटेने आडवे जाऊन आगीच्या पुढे उभे राहिलो, तेव्हा खाली लांब वाटणारी आग पाहता पाहता अंगावर आली आणि सर्वांना मागे पळावे लागले. कोणाला इजा झाली नाही, परंतु घरच्यांनी त्या दिवसापासून आम्हाला जाऊ न देण्याचा धोशा लावला आहे आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

म्हणून येथे विचारतो. अशा लहान आगीला नेमके कोणत्या बाजूने भिडावे? गावातील ज्येष्ठ मंडळी समोरून दुसरी आग लावायला सांगतात, ते कितपत योग्य आहे? पाने उडवणारे पेट्रोलवरचे ब्लोअर हल्ली बरेच जण वापरतात, ते वर्गणी काढून घ्यावे का? आणि आग दिसल्याबरोबर पहिला निरोप कोणाला द्यावा? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जाळरेषा (उत्तर)

नमस्कार. वनखात्यात क्षेत्रीय कामावर माझी हयात गेली आणि त्यातली बरीचशी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर गेली, त्यामुळे आपण वर्णन केलेली सोंड मला डोळ्यांपुढे दिसते आहे. आपल्या सर्व प्रश्नांमध्ये जागेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान वणव्यात किती माणसे आली यापेक्षा ती कुठे उभी राहिली यावर आग विझणे आणि माणसे सुखरूप परतणे, दोन्ही अवलंबून असते.

उतारावर आग वर चढते तेव्हा तिच्या ज्वाळा वरच्या गवतावर झुकलेल्या असतात. ते गवत आग पोहोचण्याआधीच तापून कोरडे होते आणि ज्वाळेचा स्पर्श होताच भडकते. उतार दर दहा अंशांनी वाढला की आगीचा चढता वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. सपाट माळावर चालत्या माणसाच्या वेगाने सरकणारी आग तीस अंशांच्या चढावर धावत्या माणसालाही गाठते, कारण त्याच चढावर माणसाचा वेग मात्र निम्म्याहून कमी झालेला असतो. त्यातच दुपारी ऊन लागून डोंगरउतार तापला की वारा दरीतून वर वाहू लागतो. आपण दुपारी आगीच्या वरच्या बाजूला उभे होता, म्हणजे उतार आणि वारा दोन्ही आगीच्या बाजूने होते. आपल्या धाडसात काहीही कमी नव्हते, ती जागाच उभे राहण्याची नव्हती. घळीच्या तोंडाशी तर कधीही उभे राहू नये. दोन्ही बाजूंच्या उतारांमुळे अरुंद घळ धुराड्यासारखी ओढ घेते आणि खालची आग क्षणार्धात वर खेचली जाते.

मग भिडायचे कुठून, तर जिथून आग पुढे निघून गेली आहे तिथून. आगीच्या मागच्या टोकाला, म्हणजे बहुधा सोंडेच्या खालच्या अंगाला, जमीन जळून काळी पडलेली असते. त्या काळ्या पट्ट्यात पाय रोवून आगीच्या दोन्ही कुशी खालून वर विझवत जावे. एक पाय जळालेल्या जागेत राहील अशा बेताने सरकत गेल्यास वारा फिरला तरी माघार घ्यायला आपल्या पाठीशी जागा असते, कारण जे एकदा जळून गेले ते पुन्हा पेटत नाही. दोन्ही कुशी आवळत आणल्या की आगीचे तोंड अरुंद होत जाते आणि कड्याखाली किंवा पायवाटेशी पोहोचेपर्यंत ती दुबळी झालेली असते. तोंडाला समोरून अडवण्याचा मोह मात्र आवरावा. ज्वाळा कमरेच्या वर जात असतील तर फांदी, फावडे किंवा ब्लोअर घेऊन तिच्यासमोर उभे राहण्यात अर्थ नाही, तिथे माणूस उष्णतेनेच टिकत नाही.

वरून अडवायचेच असेल तर माथ्याचा उपयोग करावा, पण माथ्याच्या अलीकडे नव्हे, थोडे पलीकडे. आग धारेवर पोहोचली की तिला पलीकडचा उतार खाली जाण्यासाठी मिळतो आणि तिथे ती मंदावते. म्हणून धारेच्या मागच्या अंगाला, दहा-पंधरा पावले खाली, गवत कापून आणि खरवडून मातीपर्यंत स्वच्छ केलेला पट्टा तयार ठेवला तर त्याच ठिकाणी ती थोड्या माणसांत विझते. हे काम आग लागल्यावर करायला वेळ मिळत नाही. आम्ही ज्याला जाळरेषा म्हणतो ती याचसाठी हिवाळ्यात काढायची असते. पट्ट्यातील गवत कापून तिथेच वाळवायचे आणि भोवतालचे गवत अजून अर्धेहिरवे असताना, सकाळच्या ओलाव्यात किंवा वारा पडलेल्या संध्याकाळी, पुरेशी माणसे उभी करून ते जाळून टाकायचे. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो आणि त्यापूर्वी जाळरेषा पूर्ण व्हावी अशी अपेक्षा असते, परंतु घाटमाथ्याच्या पूर्वेकडील गवत त्याआधीच पेटण्याजोगे होते, हे लक्षात घेऊन आपण मार्गशीर्षातच कामाला लागावे. वनहद्दीतील काम वनरक्षकाला विचारून आणि त्याच्यासोबतच करावे.

फांदीने विझवण्याची रीत दिसते तितकी सोपी नाही. निरगुडी, जांभूळ यांसारख्या पानांनी भरलेल्या ओल्या फांद्या घ्याव्यात. बहुतेक जण फांदी डोक्यावर उगारून आपटतात आणि त्यामुळे निखारे चौफेर उडून मागच्या गवतात पडतात. फांदी कमरेच्या वर न नेता ज्वाळेच्या बुडावर दाबावी आणि जळालेल्या बाजूकडे ओढून घ्यावी, म्हणजे हवा तुटते आणि ठिणग्या काळ्या जमिनीत जातात. एकाने दाबत पुढे जावे, मागच्याने उरलेली धुगधुगी विझवावी आणि काही मिनिटांनी जागा बदलावी, कारण पुढच्या माणसाचा चेहरा आणि हात सतत भाजत असतात.

आता समोरून आग लावण्याविषयी. ही पद्धत खरी आहे, जुनी आहे आणि जाणत्या माणसाच्या हाती फार उपयोगी आहे. मोठ्या आगीची ओढ सुरू झाली की तिच्याकडे हवा खेचली जाते, त्या वेळी तयार पट्ट्याच्या कडेला लावलेली आग तिच्या दिशेने जाते आणि मधले गवत संपून दोन्ही विझतात. मात्र पाठीशी पक्की जाळरेषा, रस्ता किंवा उघडा कातळ नसेल, वारा कोणत्या क्षणी फिरेल हे ठरवणारा एकच प्रमुख नसेल आणि आगीच्या दोन्ही अंगांना आपली माणसे कुठे आहेत हे ठाऊक नसेल, तर ती दुसरी आग म्हणजे दुसरा वणवाच होतो. आपल्याच माणसांना दोन आगींच्या मध्ये कोंडण्याचा धोका तिच्यात असतो. वनकर्मचारी हजर नसताना गावकऱ्यांनी ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, ही बाब तर आहेच.

ब्लोअर अवश्य घ्या. गवताच्या कमी उंचीच्या आगीत आणि विशेषतः राईतील पालापाचोळ्याच्या आगीत एक ब्लोअर अनेक फांद्यांचे काम करतो. त्याचा झोत ज्वाळेवर वरून मारायचा नसतो. तोंड जमिनीलगत ठेवून न जळालेला पाचोळा आगीपासून दूर उडवला की मातीचा पट्टा उघडा पडतो, आणि झोत काळ्या बाजूकडे वळवला की ज्वाळा मागे ढकलली जाते. उंच गवताच्या जोरदार आगीला मात्र झोत मिळाला की ती आणखी भडकते. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे आणि ते काम आगीपासून लांब, उघड्या खडकावर करावे. ब्लोअरमागे दोन माणसे फांद्या घेऊन चालली पाहिजेत, कारण झोताने विझल्यासारखा दिसणारा निखारा मागे पुन्हा पेट घेतो.

मावळमाती (उत्तर)

वरील उत्तर मी जपून ठेवणार आहे. मी भातशेती करणारा माणूस असल्याने दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

आपल्या डोंगरांत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशातून पडून आग लागत नाही. ती माणसाच्याच हातून लागते, आणि लावणारा बहुतेक वेळा आपल्याच शिवारातला असतो. त्याला शत्रू ठरवून काही साधत नाही. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी दाढ, म्हणजे रोपे तयार करायची जागा, भाजतात. त्यासाठी शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पानाळ फांद्या), पालापाचोळा आणि गवत यांचे थर देऊन, वर बारीक माती पसरून राब पेटवतात. नीट भाजणारा शेतकरी तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतो, त्यामुळे आग दबत दबत, मातीला ताव देत सरकते आणि तणाचे बी मरते. जुन्या माणसांचा राब संध्याकाळी किंवा भल्या पहाटे लागत असे आणि तो धुमसून संपेपर्यंत कोणीतरी बांधावर बसलेले असे. आता घरातील तरुण पुण्या-मुंबईला असतात, म्हातारी माणसे उन्हाच्या आधी उरकावे म्हणून सकाळी उशिरा काडी लावून जेवायला घरी जातात आणि अकरा वाजता वारा उठला की बांधाच्या पलीकडचे गवत पेटते. आपण दोष देतो तो राबाला. माझ्या मते त्याजवळ बसायला माणूस उरला नाही, हे खरे दुखणे आहे.

आमच्याकडे यावर एक साधा उपाय बऱ्यापैकी लागू पडला. कोण कोणत्या दिवशी राब भाजणार हे आधी सांगायचे, एका वाडीतील शेजारच्या शेतांचे राब एकाच संध्याकाळी भाजायचे आणि राबाभोवती चार हात जागा कुदळीने खरवडून ठेवायची. सगळे एकत्र असल्यामुळे पाठीवरचे फवारणीचे पंपही तिथेच पाण्याने भरून ठेवता येतात. औषध फवारलेला पंप आधी नीट धुऊन घ्यावा, एवढी काळजी मात्र घ्यावी.

गवताचे म्हणाल तर, जाळल्यावर चांगले गवत येते ही समजूत गुराख्यांमध्ये घट्ट आहे आणि तिला कारणही आहे. जुनी वाळकी काडी जळून गेल्यामुळे बहुवर्षायू गवताच्या ठोंबांतून फुटलेला हिरवा कोंब दिसतो आणि गुरांच्या तोंडी लागतो. परंतु तीच सोंड दर वर्षी जळत राहिली की कुसळीसारखे राठ गवत माजते, जे कुसळे धरल्यावर जनावर तोंडात घेत नाही. शिवाय उघड्या पडलेल्या उतारावरची राख आणि तिच्याखालची माती वळवाच्या पहिल्या सरीत ओढ्यात जाते. ज्या सोंडेवरचे गवत दिवाळीनंतर कापून गंजी लावली जाते तिथे पेटायलाच काही उरत नाही, हे प्रत्येक गावात दिसते. आपल्या गावामागची राने मालकीची आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांचे मालक परगावी असतील तर त्यांना विचारून ते गवत ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांना कापायला द्यावे. मजुरी निघत नाही म्हणून गवत उभे राहते आणि उभे राहते म्हणून जळते, तेव्हा ब्लोअरच्या वर्गणीतील काही रक्कम या कापणीला द्यावी असे मी सुचवेन.

मध काढणारे आणि गडावर चूल मांडणारे हौशी पर्यटक यांचाही वाटा आहे, पण त्यांच्याविषयी आपल्याला गावपातळीवर थोडेच करता येते.

दीडचा उपग्रह (उत्तर)

पहिला निरोप कोणाला द्यावा, या प्रश्नापुरते लिहितो.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना २००४ पासून राज्यांच्या वनखात्यांना देत आली आहे आणि कोणीही नागरिक तिच्या संकेतस्थळावर आपला जिल्हा निवडून मोबाइलवर या सूचना विनामूल्य मिळवू शकतो. आपल्या गटातील दोघा-तिघांनी ही नोंदणी अवश्य करावी. मात्र तिची मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हिअर्स या संवेदकाचा एक चौकोन ३७५ मीटरचा असतो, जुन्या मोडिस संवेदकाचा एक किलोमीटरचा, आणि व्हिअर्सचे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात. आपण सांगता तशी चार-पाच एकरांची गवताची आग दुपारी तीन वाजता लागून सहाला विझली, तर ती उपग्रहाच्या लेखी घडलीच नाही. त्यामुळे लहान वणव्यात उपग्रहाची वाट पाहू नये. हंगाम संपल्यावर आपल्या परिसरात आग पुन्हा पुन्हा कुठे लागते हे नकाशावर पाहण्यासाठी आणि पुढची जाळरेषा ठरवण्यासाठी त्या नोंदींचा खरा उपयोग आहे.

निरोपासाठी आपल्या बीटच्या (एका वनरक्षकाकडे असलेल्या वनक्षेत्राच्या) वनरक्षकाचा आणि परिमंडळाच्या वनपालाचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा. तो लागला नाही तर वनखात्याची १९२६ ही विनामूल्य मदतवाहिनी आहे. निरोप देताना केवळ डोंगर पेटला असे न सांगता कोणत्या सोंडेवर, पायथ्याशी की मध्यावर, वारा कोणत्या दिशेचा आणि वर माणसे किंवा गुरे आहेत का, एवढे सांगावे. वनरक्षकाला स्वतःच्या बीटमधील सोंडांची नावे ठाऊक असतात, त्यामुळे गावात रूढ असलेले नावच सांगणे उत्तम.

काही जण हेलिकॉप्टरची अपेक्षा धरतात, म्हणून तेही लिहितो. मार्च २०२३ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी लागल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती, आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या आगीवर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालच्या तलावातून पाणी उचलून टाकले. ती आगीची परिस्थिती वेगळी होती, कित्येक दिवस पसरत गेलेली. वरून पडलेल्या पाण्याने ज्वाळा खाली बसतात, परंतु पाचोळ्याखालची आग माणसानेच जमिनीवर जाऊन विझवावी लागते. गोव्यातही वनकर्मचारी आणि गावकरी पायी डोंगर चढून तेच करत होते. कोयनेच्या काठावर राहून आपल्याला पाणी जवळ वाटत असले, तरी सोंडेवरच्या पहिल्या दोन तासांत फांदी, फावडे आणि फवारणीचा पंप यांवरच भिस्त ठेवणे भाग आहे.

रानवैद्य (उत्तर)

मी ग्रामीण भागात वैद्यकीय सेवा करते. भाजलेली माणसे पाहिली असल्याने येथे थोडे निक्षून लिहिते आहे, राग नसावा.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर पदभ्रमणाला गेलेला मोठा गट वाळलेल्या गवताच्या उतारावर आगीत सापडला आणि २० हून अधिक जणांचा बळी गेला. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे चार कर्मचारी जागीच मृत्युमुखी पडले आणि सोबतचे गंभीर भाजले. पहिल्या घटनेतील माणसे पर्यटक होती, दुसऱ्या घटनेतील माणसांचे ते रोजचे काम होते. आग लहान आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मनात येते, तेव्हा हे दोन्ही प्रसंग आठवावेत.

कपड्यांविषयी अत्यंत आग्रहाने सांगते. क्रिकेटचे किंवा व्यायामशाळेचे चकचकीत टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून तरुण मुले धावतात. ते कापड उष्णतेने वितळते आणि कातडीला चिकटते, मग ते काढताना कातडीही निघते. जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, सुती पँट, चामड्याचे बूट, डोक्याला सुती पंचा आणि हातमोजे, एवढे तरी असावे. चपला घालून आलेल्या माणसाला आगीजवळ पाठवू नये. तोंडाला बांधलेला रुमाल राख आणि ठिणग्या थोड्याफार अडवतो, विषारी वायू अडवत नाही. म्हणून डोके दुखणे, चक्कर, मळमळ सुरू झाली की त्या व्यक्तीने ताबडतोब धुराबाहेर, मोकळ्या हवेत यावे आणि तिच्यासोबत कोणीतरी राहावे.

पाणी विझवण्यासाठी नेता तसे पिण्यासाठीही न्या, माणशी किमान दोन-तीन लिटर, आणि सोबत क्षारसंजीवनीची पाकिटे ठेवा. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. वर पाणी कमी असेल तर जेवढे आहे तेवढे त्यासाठी वापरावे आणि रुग्णाला खाली आणून पुढचे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये, स्वच्छ सुती कापडाने झाकून १०८ ला फोन करावा. चेहरा भाजला असेल, नाकातील केस जळाले असतील किंवा आवाज बसला असेल, तर बाहेरून जखम लहान दिसली तरी घशाला आतून सूज येऊन श्वास अडू शकतो. अशा माणसाला घरी नेऊन झोपवू नका, थेट रुग्णालयात न्या.

आणखी एक गोष्ट. वर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव पायथ्याशी थांबलेल्या एका माणसाने लिहून घ्यावे आणि खाली आल्यावर खूण करावी. घरच्यांची भीती कमी करण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. ते काम आपल्या आईकडे किंवा वडिलांकडे दिलेत तर आणखी उत्तम.

पाटणखोरे

सर्वांचे मनापासून आभार. गावच्या बैठकीत ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मावळमाती, गवतकापणीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. सोंडेवरचे तीन मोठे खातेदार मुंबईला असतात, त्यांच्याशी बोलतो.

जाळरेषा यांना दोन शंका विचारायच्या आहेत. दुपारी आगीजवळ जाणे इतके धोक्याचे असेल तर रात्रीची वाट पाहावी का? आणि आग पूर्ण विझली, आता खाली उतरायला हरकत नाही, हे ठरवायचे कसे? आमच्याकडे रात्री विझवलेली आग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उठल्याचे प्रसंग घडले आहेत.

जाळरेषा

आग नुकतीच लागलेली आणि ज्वाळा गुडघ्याखाली असतील तर वाट पाहू नये, दुपार असली तरी मागून आणि कुशीने भिडावे. ती हाताबाहेर गेली असेल तर मात्र उन्हे उतरेपर्यंत थांबून राईच्या कडेचा पाचोळा बाजूला करणे अधिक शहाणपणाचे आहे. सूर्यास्तानंतर हवेत ओल येते, वारा पडतो आणि पुढे तो माथ्यावरून दरीकडे वाहू लागतो. त्यामुळे आग मऊ होते. पहाटे तीन ते सूर्योदय या वेळेत तर मोजकी माणसेही मोठी रेघ विझवतात. परंतु रात्रीचे धोके वेगळे आहेत. सोंडेखालचा कडा दिसत नाही, आगीने सैल झालेले दगड घरंगळत येतात, होरपळून निघालेले साप पायवाटेवर असतात आणि धुराने उठलेले आग्या मोहोळ अंधारातही बॅटरीच्या उजेडावर येते. ज्याला ती सोंड दिवसा पाठ आहे त्यानेच पुढे चालावे, एकाखाली एक अशा रांगेत काम करू नये आणि मोहोळांच्या कपारी आधीच हेरून ठेवाव्यात.

रात्री वारा खाली वाहत असल्याने आग उताराने हळूहळू उतरते आणि जळती लाकडे, शेणी, गवताचे पेटते ठोंब घरंगळत जाऊन खालचे गवत पेटवतात. म्हणून खालच्या बाजूला नुसता खरवडलेला पट्टा पुरत नाही. तिथे वीतभर खोल चर काढून त्याची माती उताराकडील कडेला बांधासारखी लावावी, म्हणजे घरंगळत आलेला निखारा त्या चरात अडकतो.

विझली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. गवताची आग लगेच विझते, पण जुने खुंट, पोकळ झाडांचे बुंधे, वाळलेले शेण आणि राईतील पाचोळ्याचा जाड थर आतून धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशी अकरानंतर वारा उठला की त्यांतूनच आग पुन्हा बाहेर येते. आपण सांगितलेले प्रसंग याचेच आहेत. काळ्या पट्ट्याची कड धरून आत वीस-पंचवीस पावलांपर्यंत सगळीकडे फिरावे. शंका येईल तिथे तळहाताची मागची बाजू जमिनीपासून थोडी वर धरून ऊब लागते का पाहावे. ऊब लागली तर कुदळीने उकरावे, माती आणि असेल तेवढे पाणी मिसळून कालवावे आणि पुन्हा हात धरून पाहावा. वरून नुसती माती टाकून झाकू नये, आत निखारा तसाच राहतो. पोकळ झाड आतून जळत असेल तर त्याच्या बुंध्याभोवती पाच-सहा हात जागा स्वच्छ करून त्यावर नजर ठेवावी आणि त्याच्या खाली उभे राहू नये, कारण ते आवाज न करता पडते.

त्यानंतर सगळ्यांनी खाली यावे, पण किमान दोघांनी पाण्याचा पंप आणि फोन घेऊन समोरच्या सोंडेवर, जिथून सारा काळा भाग दिसतो अशा ठिकाणी, दुसऱ्या दिवशीची दुपार कलेपर्यंत बसावे. पाळी बदलायला दुपारचे बारा ही वेळ ठेवू नका, कारण नेमका तेव्हाच वारा उठतो. ती सकाळी नऊला किंवा संध्याकाळी ठेवा. आपल्या बीटच्या वनरक्षकाला या पाळीचा निरोप द्या, तो त्याच्या अंगाऱ्याला, म्हणजे हंगामापुरत्या नेमलेल्या आगराख्याला, आपल्या माणसांसोबत बसवू शकेल.